दिलदारला उभा करायचा कुठं?

केलता! केलता की त्याला गोलात उभा! मी कुठं न्हाई म्हणतोय? पर ते इचारायची ही काय वेळ हाय का हो? मानूस दाढीला बसलंय, तोंडभर साबण, गळ्यावर वस्तरा, आन् मागच्या बाकड्यावरनं आवाज येतोय, ‘काय हंबीरराव मास्तर, गावातल्या एक नंबरच्या सेंटर फॉरवर्डला तुमी गोलकीपर केलतासा म्हणं?’ … न्हावी हसाय लागला! वस्तरा माझ्या गळ्यावर आन् ह्यो हसतोय! दोन वर्षं झाली हो त्या गोष्टीला. दोन वर्षांत नदीला पूर येऊन गेला, दिल्लीतलं सरकार बदललं, माझ्या दोन पोरींची लग्नं झाली, ते सगळं गाव इसरलं. पर हंबीररावानं दिलदारला गोलात उभा केलता, हे काय कुणी इसरायला तयार न्हाई!

अरे पर का केला, ते इचारा की एकदा! ते कुणी इचारत न्हाई. बसा पावणं, सांगतो तुमास्नी. घाईत असाल तर आत्ताच जावा, पर अर्धं ऐकून उठू नका, कारण अर्धं ऐकणाऱ्यांनीच माझं वाटोळं केलंय.

तर मी मूळचा कुस्तीतला. गुडघा गेला म्हणून कॉलेजात जिमखान्याचा मास्तर झालो. वाटलं, आता काय, दोरीच्या उड्या मोजायच्या आन् पगार घ्यायचा. तर पैल्याच आठवड्यात प्रिन्सिपॉलसाहेबांनी बोलावलं. साहेब आमचं लई सभ्य, बोलणं पुस्तकातलं, बोलताना चष्मा पुसायचं… ‘हंबीरराव, आजपासून फुटबॉलचा संघ आपल्याकडे.’ म्हणलं, साहेब, मला फुटबॉलातलं काय कळत न्हाई. तर म्हणत्यात, ‘खेळ तो खेळ, हंबीरराव.’ झालं! अवो, कोल्हापुरात फुटबॉल न्हाई कळत म्हणणारा मानूस शोधून सापडत न्हाई. इथं रांगतं पोरगंबी ऑफसाइड सांगतंय. सगळ्या गावात मी एकटाच खरं बोललो, आन् मलाच धरून कोच केलं!

आन् संघात कोण, तर दिलदार. मंगळवार पेठेतला. सहा फुटी पोरगं, पाय असं लांबसडक, आन् स्वभावानं गरीब गाय. पर बॉल आभाळातनं येऊ दे न्हाईतर गटारीतनं येऊ दे, ह्याच्या छातीवर असा अलगद उतरायचा, जसं कबूतर खुराड्यावर उतरतंय. छातीवरनं मांडीवर, मांडीवरनं पायावर, आन् पायावरनं… जाळीत! मला खेळातलं कळत नसताना अंगावर काटा यायचा. मग तुमीच सांगा, अशा पोराला समोरची टीम मोकळं सोडंल व्हय? दोन माणसं कायमची अंगाला चिकटल्याली. एक फुडं, एक मागं. ह्यो पाणी प्यायला गेला तरी दोघं बरोबर. मधी उभा केला की कोंडला. आता सांगा, त्याला उभा करायचा कुठं?

मी इचार केला. कुस्तीत डाव दिसला की डाव मेला. हाताकडं बघायला लावायचं आन् पायात घालायचं. म्हंजे काय, तर दिलदारला लपवायचा! आता सहा फुटी पोरगं, भर दुपारी, उघड्या मैदानात, पाच हजार माणसांसमोर लपवायचं म्हंजे काय खायचं काम हाय का? पर म्या लपवला. सेंटरला दुसराच पोरगा दिला आन् ह्याला म्हणलं, डाव्या कडंला जा, पार झेंड्यापाशी, आन् तिथं असा उभा ऱ्हा जसा तुझा ह्या खेळाशी काय संबंध न्हाई. गेला. उभा ऱ्हायला. त्यांची ती दोन माणसं मधी शोधत्यात, हिकडं बघत्यात, तिकडं बघत्यात, दिलदार न्हाई! मी मिशीवर हात फिरवला. आन् तेवढ्यात बायका बसत्यात त्या बाजूनं आवाज आला…

‘अगंबाई! आज दिलू डाव्या अंगाला हाय व्हय! त्यो बघा, त्यो, झेंड्यापाशी!’

आवाज म्हंजे काय सांगू! पाच हजार माना वळल्या. त्यांच्या कोचनंबी वळवली. ‘झेंड्यापाशी बघा रे!’ आन् गेली दोन माणसं पळत. मी दिलदारला म्हणलं, कोण रं ही बाई? तर बेणं लाजतंय, सहा फुटी धूड, कान लाल… ‘मास्तर, आम्मा हाय माझी.’

तर ही कुलसुमभाभी. दिलदारचा बाप पोरगं दोन वर्षांचं असताना गेला. गादीचं दुकान बाईनं एकटीनं चालवलं. कापूस पिंजायचं मशीन असतंय बगा, त्याच्या आवाजावर आवाज चढवून आयुष्यभर बोलल्याली बाई! तिची कुजबूजसुद्धा रस्त्यापल्याड जायाची. दुकान कधी बंद ठेवायची न्हाई, सणाला न्हाई, तापात न्हाई. फक्त पोराची म्याच असली की फळी लावायची आन् यायची. खेळातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पोरगं दिसलं की हाक मारायची, एवढंच. पर त्या एवढंच्यानं माझ्या डावांचं काय झालं, ते ऐका.

दुसऱ्या म्याचला म्या शर्ट बदलला. आमचा क्याप्टन ज्ञानू, गगनबावड्याचं पोरगं, मागं बॅकला खेळायचं. आईबाप न्हाईत, चुलत्यानं वाढीवलं, हॉस्टेलला ऱ्हायचं. दिवसाकाठी चार शब्द बोलायचं, त्यातलं दोन ‘व्हय मास्तर’. त्याचा दोन नंबरचा शर्ट दिलदारला घातला आन् नऊ नंबर ज्ञानूला. समोरची पोरं नऊ नंबरामागं लागली! बिचारा ज्ञानू, त्याला आयुष्यात एवढी माणसं कधी भेटली नव्हती. आन् हिकडं दिलदार मोकळा. वाऱ्यागत निघाला. आता गोल हुणार, हुणार…

‘दिलूऽ! दुसऱ्याचा शर्ट का रं घातलास? तुझा काल धुवून दिलता की! वाळला नव्हता व्हय?’

रेफ्री हसला हो! शिट्टी तोंडातनं पडली त्याच्या! आता सांगा, त्याला उभा करायचा कुठं?

मग म्हणलं रेफ्रीच्याच मागं उभा करावा. न्हाई, हसू नका. रेफ्रीकडं कोण बघतंय? शिव्या घालायच्या असल्या की बघत्यात, एरवी कोण बघतंय? दिलदारला सांगितलं, रेफ्री जाईल तिकडं जायाचं, बॉल आला की भाईर यायचं. पंधरा मिन्टं झकास चाललं. रेफ्री बारका, दिलदार उंच, तरी कुणाच्या ध्यानात आलं न्हाई. आन् मग… ‘अवो पंऽच! काय चुकलं का माझ्या लेकराचं? मघाधरनं मागं-मागं फिरतंय तुमच्या! सोडा की त्याला, लहान हाय अजून!’ … लहान! सहा फूट!

तरी म्या हार मानली न्हाई. म्हणलं, पडून ऱ्हा. पायात गोळा आला म्हणून मैदानाच्या कोपऱ्यात आडवा हो. पडलेल्या गड्याला कोण धरून ठेवतंय? ती दोघं गेली की उठायचं आन् पळायचं. पोरगं आज्ञाधारक, पडलं. दोघं गेली. मी खूण करणार, उठ म्हणून… तर बाई मैदानात! चप्पल हातात घेऊन पळत आली, आन् दुसऱ्या हातात तेलाची बाटली! म्हंजे घरनं घेऊनच यायची हो, दर म्याचला, असावी म्हणून! बसली मैदानात मांडी घालून आन् पाय चोळाय लागली. सात मिन्टं खेळ बंद. बरं, गोळा नव्हताच की पायात! पर सांगणार कोण? पोरगं मुकाट्यानं पाय चोळून घेतंय, रेफ्री घड्याळ बघतोय, पाच हजार माणसं वरडत्यात, ‘भाभी, जरा हिकडच्या बाजूनं चोळा!’ आन् मी… मी तोंडावर टोपी घेऊन बसलोतो.

आता आलं का ध्यानात, गोलात का उभा केला त्यो? डावीकडं न्हाई, दुसऱ्याच्या शर्टात न्हाई, रेफ्रीच्या मागं न्हाई, जमिनीवर न्हाई, मग त्याला उभा करायचा कुठं? म्हणलं, गोलात ठेवावा. गोलकीपरच्या अंगाला कोण चिकटत न्हाई. पैला हाफ तिथं गप ऱ्हा, दुसऱ्या हाफला एकदम फुडं काढतो, समोरच्यांचं डोळंच फिरतील. डाव वाईट हुता का? तुमी सांगा! पर बाईनं काय केलं… उठली, आन् सगळ्या मैदानाला वळसा घालून गोलाच्या मागं येऊन बसली. जाळीच्या पल्याड! एवढ्या जवळ पोरगं तिला कधी गावलंच नव्हतं. मग गप्पा! ‘खाल्लंस का रं?’ ‘खाल्लं आम्मा.’ ‘काय खाल्लंस?’ ‘भाकरी.’ ‘संगं काय हुतं?’ आन् ह्यो मान मागं वळवून सांगतोय, ‘वांगं हुतं की आम्मा…’ आन् वांगं म्हणेस्तवर बॉल जाळीत!

एक-शून्यानं हरलो. वांग्यावर हरलो आमी! पर ते कुणी सांगत न्हाई. सगळं सांगत्यात, हंबीररावानं गोलात उभा केलता.

बरं, एवढं असूनबी चौथ्या साली पोरं फायनलला गेली. कशी गेली ते मला इचारू नका, माझ्यामुळं न्हाई गेली. दिलदार दोघाच्या तिघाच्या गर्दीतनं वाट काढायचा आन् गोल मारायचा, डोक्यानं, गुडघ्यानं, एकदा तर पाठीनं! फायनल ऐतवारी, नदीकडल्या कॉलेजाबरोबर. आन् त्याच आठवड्यात पुण्याच्या एका कारखान्याचं पत्र आलं. दिलदारला नोकरी, आन् कारखान्याच्या टीममधी खेळायचं. सोमवारी सकाळच्या गाडीनं हजर व्हायला निघायचं. म्हंजे कोल्हापुरातली ही त्याची शेवटची म्याच.

आता ह्या फुडचं मी कुणाला सांगत न्हाई. तुमास्नी सांगतो.

शुक्रवारी मी मंगळवार पेठेत गेलो, दुकानात. मशीन चालू, सगळीकडं कापूस उडतोय, बाईच्या भुवईवर कापूस, केसांत कापूस. मला बघून मशीन बंद केलं, चहा टाकला. मी वाटभर पाठ करून गेलतो, तिथं गेल्यावर सगळं इसरलो. म्हणलं, ‘भाभी, ऐतवारी फायनल हाय. तेवढ्या एका दिवसाला जरा…’ ‘जरा काय मास्तर?’ ‘जरा… शांत…’

‘मी वरडतो व्हय मास्तर?’ असं इचारलं तिनं. म्हणलं, वरडता म्हंजे… आवाज जरा लांब जातोय. पैल्यांदा हसली. मग हसायची थांबली. चुलीवरचा चहा उतू गेला तरी तिचं ध्यान न्हाई. म्हणाली, ‘त्याच्यामुळं पोरं हरत्यात व्हय? मला कुणी सांगितलं न्हाई हो. दिलूनंबी न्हाई सांगितलं.’ मी खाली बघतोय. ‘पर मास्तर, गप बसणं मला जमायचं न्हाई. त्यो दिसला की नाव निघतंय तोंडातनं, धरलं तरी धरवत न्हाई. असं करतो, मी येतच न्हाई. जिंकू द्या पोरांस्नी.’

तवा म्हणायला पायजे हुतं हो, न्हाई भाभी, तुमी या. चार वर्षं एक म्याच चुकवली न्हाई बाईनं, आन् शेवटची चुकवायला मी सांगतोय! ओठापर्यंत आलं हुतं. पर कप दिसत हुता डोळ्यांफुडं! मी यायच्या आधीधरनं, अकरा वर्षं झाली, जिमखान्याच्या कपाटात एकच कप, त्योबी बुद्धिबळाचा. चहा प्यालो, ‘येतो’ म्हणलं, आन् उठलो. उंबऱ्याभाईर पाऊल टाकतोय तवर मागं मशीन सुरू झालं. लाज वाटली मला. आजबी वाटत्या.

ऐतवार आला. मैदान गच्च. म्या दिलदारला पार मागं, उजव्या हाफला उभा केला, ज्ञानूच्या बगलेत. आन् काय सांगू तुमास्नी, कुणालाच सापडला न्हाई! हाक न्हाई, आवाज न्हाई. त्यांचा कोच आपल्या पोरांस्नी इचारतोय, ‘बाईचा आवाज न्हाई, म्हंजे दिलदार आलाच न्हाई का रं?’ चार वर्षांत पैल्यांदा माझा डाव लागला! दिलदार मोकळा, आजूबाजूला चिटपाखरू न्हाई. ज्ञानूनं बॉल असा उचलून दिला, छातीवर आला, आन्… उडून भाईर गेला. दगडावर पडल्यागत. दुसरा दिला, पायाखालनं गेला. पोराचं ध्यानच न्हाई! बॉल हिकडं आन् ह्यो बायकांच्या बाजूला बघतोय. तेवढ्यात त्यांनी एक गोल मारला. आमी शून्य, ती एक. गाव शिव्या द्यायला लागलं, ‘दिलदार इकला गेला रं!’ अशा पोराला असं बोलत्यात हो!

हाफटाइमला आला माझ्यापाशी. लिंबू तोंडाला लावलं न्हाई. ‘मास्तर, आम्मा मागनं येतो म्हणाली हुती. आली न्हाई. तिला बरं न्हाई का काय? मी पळत जाऊन बघून येऊ का?’ फायनल चाललीया, आन् ह्यो घरी जाऊ का इचारतोय! खोटं बोलता आलं असतं. बोलवलं न्हाई. सांगून टाकलं, बाबा, मीच दुकानात गेलतो, मीच तिला नको म्हणलं.

वाटलं, आता चिडंल, शर्ट काढून तोंडावर फेकंल. त्यानं काय केलं न्हाई. खाली बसला. म्हणाला, ‘मास्तर, लहानपणी आम्मा मला संगं घेऊनच दुकानात काम करायची. मशीन चालू झालं की कापूस असा उडायचा, तिला मी दिसायचा न्हाई. म्हणून हाक मारायची, दिलूऽ. मी ओ द्यायचा. मग तिला कळायचं मी मशीनपासनं लांब हाय. मला काय झालं न्हाई, एवढंच ती बघत असत्या. तुमी मला कुठंबी उभा करा मास्तर. पर तिनं हाक मारल्याबिगर मला उभंच ऱ्हावत न्हाई.’

पावणं, मी आखाड्यात हात मोडून घेतलाय, गुडघा मोडून घेतलाय, डोळ्यांत पाणी कधी आलं न्हाई. तिथं आलं. ज्ञानूला म्हणलं, बघ रं टीमकडं. आन् सायकल काढली. म्हणलं जातो मंगळवार पेठेत, फळी ठोकतो, पाया पडतो, पर घेऊन येतो. फाटकातनं सायकल भाईर काढली, आन् बघतो तर काय… भिंतीला टेकून बाई उभी!

पदराचा बोळा करून तोंडात कोंबलेला! केसांत तसाच कापूस. मला बघून दचकली, चोरी सापडल्यागत. बोळा काढला आन् म्हणाली, ‘मी आलो न्हाई मास्तर! शपथ! भाईरच हाय मी!’ म्या सायकल भिंतीला लावली. तर तीच इचारत्या, ‘मघाशी लोक लई वरडली. माझा दिलू पडला-बिडला न्हाई न्हवं?’

म्हणलं, चला भाभी. ‘पर मास्तर, तुमचा कप…’ म्हणलं, कप घाला चुलीत! चला!

आत आलो तर दुसरा हाफ सुरू झाल्याला. बाई कडंला आली, कपाळावर हात धरून मैदान न्याहाळलं, दिसला. आन् मग… हलगी ऐकलीया मी, तोफ ऐकलीया, पर तसली हाक आजतागायत ऐकली न्हाई.

‘दिलूऽऽऽऽ!’

आन् दिलदारनं काय करावं? बॉल चाललाय, खेळ चाललाय, ह्यानं फायनलच्या मधोमध हात वर केला आन् म्हणाला, ‘ओऽऽ!’

त्यांच्या कोचनं किंकाळी मारली, ‘आलाय रं आलाय! उजवीकडं! धरा!’ आन् दोन न्हाई, चार माणसं दिलदारवर धावली. लोक म्हणत्यात, ह्यो हंबीररावाचा डाव. कसला डाव घेऊन बसलाय? माझा काय डाव-बिव नव्हता. पर चार माणसं तिकडं गेली म्हंजे हिकडं कोण ऱ्हायलं? कोण न्हाई! दिलदारनं बॉल छातीवर घेतला. काय घेतला म्हणून सांगू, बॉलला कळलं नसंल आपण थांबलोय. चौघांस्नी झेंड्यापर्यंत फरफटत नेलं आन् तिथनं मागं दिला, ज्ञानूला.

ज्ञानू मागनं पळत आल्याला, मोकळा. समोर गोलकीपर आन् जाळी. पर हे पोरगं जन्मात कधी निम्म्या मैदानाच्या फुडं गेलं नव्हतं, पाय उचलंना त्याचा. आन् तवा कुलसुमभाभी वरडली, ‘ज्ञानूऽ! मार की रं माझ्या राजा!’

ज्ञानू थांबला! बॉल पायात, गोल फुडं, आन् ह्यो मान वळवून बघतोय, मला कोण बोलावतंय म्हणून! त्याला कुणी मैदानावर हाक मारलीच नव्हती हो कधी. त्यो थांबला म्हणून गोलकीपरबी थांबला, ह्यो काय बघतोय म्हणून त्योबी बघाय लागला. मी छाती बडवतोय, ‘अरे मार! मार!’ … आन् मारला. बाईकडं बघत बघतच मारला. जाळीत!

एक-एक. फुडं दिलदारनं एक मारला, त्यो खांबाला लागून आला. वेळ संपली. कप दोघांत. सहा महिने त्यांच्या कपाटात, सहा महिने आमच्या.

म्याच झाल्यावर मी भाभीपाशी गेलो. माफी मागायची हुती. तर तीच म्हणाली, ‘मास्तर, मी वरडत नव्हतो हो. हाक मारत हुतो नुसती. आता तिकडं पुण्यात…’ दिलदार येऊन तिच्या खांद्यावर डोकं ठेवून उभा ऱ्हायला, सहा फुटाचा पार निम्मा होऊन. सोमवारी मी, ज्ञानू, सगळी टीम गाडीवर गेलो. गाडी हलली तशी तिनं हाक मारली. खिडकीतनं ओ आली. गाडी वळणावरनं गेली, तिनं परत हाक मारली. ह्या वक्ताला ओ आली न्हाई. तरी बाई उभीच. मग ज्ञानू, दिवसाला चार शब्द बोलणारा, त्यो खाली मान घालून हळूच म्हणाला, ‘ओ.’

तवाधरनं काय झालं म्हणून सांगू! फुडच्या साली पैल्या म्याचच्या आधी मीच दुकानात गेलो. म्हणलं, भाभी, चला. म्हणाली, ‘आता कुणाला हाक मारू?’ म्हणलं, अकरा पोरं हाईत, घ्या पाहिजे त्याचं नाव. बाईनं अकराची नावं इचारून घेतली, दोनदा म्हणून बघितली, पाठ केली. आन् आता… आता एकाचा न्हाई, अकराच्या अकरा पोरांचा पत्ता सगळ्या गावाला म्हाईत असतोय! कोण कुठं हाय, कुणाचा शर्ट फाटलाय, कुणी सकाळी खाल्लं न्हाई… समोरच्या टीमला कोच लागत न्हाई हो, बाई लागत्या! माझा एक डाव म्हणून चालत न्हाई. हरतो की! ह्या साली तीन म्याचा हरलो. प्रिन्सिपॉलसाहेब चष्मा पुसत म्हणत्यात, ‘हंबीरराव, त्या बाईंना जरा…’ म्हणलं, साहेब, तेवढं सोडून बोला. हरंना का संघ! माझ्या टीममधलं एक पोरगं बिनहाकेचं खेळत न्हाई.

गेल्या ऐतवारचीच गोष्ट. तीन-शून्यानं मार खात हुतो. लोक माझ्या नावानं शिमगा करत हुती, म्हणून मी आपला हळूच सरकलो आन् शेंगांच्या हातगाडीमागं जाऊन बसलो. खाली वाकून. टोपी काढून खिशात. कुणाच्या बापाला सापडलो नसतो. आन् आली हाक…

‘मास्तऽर! अवो तिथं का बसलाय, शेंगावाल्याच्या मागं? बरं वाटंना व्हय?’

पाच हजार माना वळल्या. काय करणार? ‘ओ’ म्हणलं, उठलो, आन् तिला दिसंल असा उभा ऱ्हायलो.